डोंबिवलीचं घर विकताना शेजाऱ्यांना तोंड देताना

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर विकायचं ठरलं, तेव्हा मला काळजी होती ती फक्त कागदपत्रांची. शेजाऱ्यांचा विचार मनात आलाच नव्हता. आई आता माझ्याकडे नाशिकला असते. बंद घराचा मेंटेनन्स भरत राहण्यापेक्षा विकलेलं बरं, असं आम्ही दोघींनी ठरवलं. लिफ्ट नसलेली जुनी बिल्डिंग, पण माणसं तीस वर्षांची ओळखीची.

एजंट पहिलं गिऱ्हाईक घेऊन आला, त्याच संध्याकाळी आईच्या मोबाइलवर समोरच्या काकूंचा फोन. "अहो, विकताय म्हणे? आम्हाला परक्यांकडून कळायचं का?" आईला वाईट वाटलं, आणि तिने सगळं सांगून टाकलं. आम्ही ५२ लाख सांगतोय, पण ४७ आले तरी देऊ, हेसुद्धा. चार दिवसांनी दुसरं गिऱ्हाईक आलं आणि चपला काढता काढताच म्हणालं, "४७ ला सोडताय ना?" मला रडूच आलं. आईवर रागावले नाही. ज्या बाईबरोबर वर्षानुवर्षं पापड लाटले, तिच्याशी आई खोटं कशी बोलणार होती?

त्यानंतर आम्ही घरात एक वाक्य ठरवलं: "अजून काही नक्की नाही, ठरलं की तुम्हाला आधी सांगू." आईने, मी आणि माझ्या भावाने, तिघांनी तेच म्हणायचं. किती सांगितले, कोण घेतंय, कोणत्या जातीचे, खाणं कसलं, सगळ्याला उत्तर तेच. जातीच्या आणि खाण्याच्या प्रश्नाला मात्र मी एकदा स्पष्ट म्हणाले, की ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. विचारणारे काका दोन दिवस बोलले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. एक तरुण जोडपं घर बघून खाली उतरत होतं. त्यांना घर आवडलं होतं, बेडरूमच्या खिडकीत ती बराच वेळ उभी होती. पहिल्या मजल्यावर एक आजोबा दारातच खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांनी विचारलं, "तिसऱ्यावरचं का? भिंत बघितलीत ना? पावसाळ्यात ओल येते तिथे." ती दोघं माझ्याकडे बघायला लागली. ओल येत होती हे खरंच होतं. गेल्या वर्षी वॉटरप्रूफिंग करून घेतलं, त्याचं बिल माझ्या पिशवीत होतं, पण मी ते आधी दाखवलं नव्हतं. विचारलं तर सांगू, असं मनात धरलं होतं. ती दोघं परत आली नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. आजोबांनाही नाही, चुकलं माझं होतं. पुढच्या प्रत्येकाला मी आधी त्या भिंतीपाशी नेलं, बिल हातात दिलं आणि मगच बाकीचं घर दाखवलं.

सोसायटीशी मात्र गोड बोलून भागलं नाही. कमिटीतल्या एकांनी ट्रान्सफरचे, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करून देण्याचे, ५० हजार मागितले, "सगळेच देतात" म्हणून. ९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्याची प्रत मी सेक्रेटरींना दिली आणि अर्ज देऊन पोच घेतली. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, विक्रीसाठी सोसायटीची एनओसी (ना हरकत दाखला) बंधनकारक नाही, पण घेणाऱ्याच्या बँकेला कर्जासाठी ती हवीच असते. म्हणून भांडणाचा सूर लावला नाही, थकबाकी नसल्याचा दाखलाही त्याच वेळी मागून घेतला. शेवटी २५ हजारांवर ठरलं.

घर ४९ लाखांना गेलं. रजिस्ट्रेशन होईपर्यंत कुणालाच आकडा सांगितला नाही. नंतर लपवण्यात अर्थच नव्हता, कारण सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदणी खात्याच्या व्यवहाराच्या उताऱ्यात, रक्कम येते आणि ती कुणालाही ऑनलाइन बघता येते.

दिलेला शब्द होता, म्हणून किल्ल्या देण्याच्या आदल्या दिवशी मी आपणहून समोर गेले आणि काकूंना आकडा सांगितला. त्या गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घराचे किती येतील गं? ह्यांचे गुडघे गेलेत, तीन जिने होत नाहीत आता." इतके दिवस त्या किंमत का विचारत होत्या, ते तेव्हा मला कळलं. मी तिथेच बसले. कार्पेट किती, मजला कितवा, लिफ्ट नाही म्हणून किती कमी होतात, एजंट किती टक्के घेतो, सगळं सांगितलं. काकूंनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि मागच्या कोऱ्या जागेत एकेक आकडा लिहून घेतला.