उधारीच्या वहीतला ‘द’

पारोळ्याला आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. जूनमध्ये कपाशीची पाकिटं उधारीवर जातात. दिवाळीच्या आसपास पहिल्या वेचणीचा कापूस विकला गेला की मग वसुली सुरू होते. थकलेल्या नावापुढे मी पेन्सिलीने कारण लिहून ठेवतो. ‘पा’ म्हणजे पाऊस, ‘ल’ म्हणजे लग्न, ‘द’ म्हणजे दवाखाना.

पाऊस दगा देतो तेव्हा सगळं गाव एकदम थकतं. ती उधारी बुडत नाही, लांबते. ‘द’वाल्याचं निराळं. तो एकटा थकतो आणि पुढच्या जूनला दुकानाची पायरीच चढत नाही. बोंडअळीने एक हंगाम जातो, दवाखान्यात शेतच जातं.

आमच्या एका गिऱ्हाइकाची तीन एकर जिरायत. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. “भाऊ, कापूसना पैसा दवाखानामा ग्यात,” एवढंच बोलला. खरं तर ऑपरेशनला त्याचा रुपया लागला नव्हता, ते जनआरोग्य योजनेत बसलं. पैसे गेले ते त्याच्या आधी. योजनेची वाट सापडेपर्यंतच्या तपासण्या, गाडीभाडं, आणि ऐन वेचणीत दोन माणसं दवाखान्यात अडकली म्हणून बाहेरून लावलेली मजुरी. पुढच्या वर्षी शेत बटाईने दिलं, पोरगा सुरतेला गेला. माझं एक खातं बंद झालं, तसं मजुरांचं एक शेतही कमी झालं.

योजनेला नावं ठेवायची नाहीत मला. २०१२ साली ती राज्यात पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली, त्यात आमच्या शेजारचं धुळं होतं. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी, कुटुंबाला वर्षाला दीड लाख. आता महात्मा फुले यांचं नाव आणि मर्यादा ५ लाख. जळगावला २०१८ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, नंदुरबारला २०२० मध्ये. पण बुडालेल्या मजुरीचं बिल कुठल्याच काउंटरवर घेत नाहीत.

हे मला कळलं ते आईला न्यूमोनिया झाला तेव्हा. जुलै महिना, कपाशीला युरिया द्यायचे दिवस, आणि दुकानाला आठ दिवस कुलूप. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं, त्यातलं निम्मं आजही तिथेच आहे. दवाखान्याचं बिल भरून मोकळा झालो, ते आठ दिवस अजून फेडतोय.

तेव्हापासून गल्ल्यामागे योजनेतल्या दवाखान्यांची यादी चिकटवून ठेवली आहे. बायको म्हणते, खतं विकता की आरोग्य खातं चालवता? परवा एक जण युरियाला आला आणि रेशनकार्डावर वडिलांचं नाव चुकलंय, ते कुठे दुरुस्त होतं, हे विचारत बसला. तहसीलला पाठवला. युरिया येताना घेतो म्हणाला.