शकुंतलेच्या फाटकावर

चिखलदऱ्याचं धुकं आणि गाविलगडाची तटबंदी यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, म्हणून ते तीन दिवस मी गाळतो. माझ्या डोक्यातून जात नाहीये ती परतीची दुपार.

परतवाड्याहून काळी-पिवळीने निघालो. गाडीत आम्ही चौदा जण, शिवाय माझ्या मांडीवर कुणाची तरी पिशवी. अंजनगाव सुर्जीच्या पुढे टायर बसलं, तेही नेमकं रेल्वे फाटकाजवळ. फाटक आपलं म्हणायचं. डांबरात रुतलेले दोन गंजके रूळ आणि दोन्ही बाजूंना बाभळी. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. ही शकुंतला, वऱ्हाडातली ती जुनी छोट्या रुळांची रेल्वे!

मी हरखून फोटो काढायला लागलो. झाडाखाली बसलेले एक म्हातारे काकाजी बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "फोटो काढून काय करसान?"

मग काय, मी माझं ज्ञान पाजळलं. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचवायला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही लाइन टाकली. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला ११३ किलोमीटर, दुसरा इकडे अचलपूरला ७६. इंजिनही १९२१ सालचं, मँचेस्टरमध्येच बांधलेलं. ते १९९४च्या एप्रिलपर्यंत धावलं आणि मग डिझेल आलं. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली, हेही सांगितलं. (शकुंतलेवरचे सगळे व्हिडिओ याच एका मुद्द्यावर घसा फोडतात, मीही फोडला.)

काकाजींनी ऐकून घेतलं. "माहा बाप याच लाइनीवर गँगमन होता," एवढंच म्हणाले.

मी गप्प.

मग तेच बोलत राहिले. फाटकावर माणूस नसे. "गाडी थांबे, एक जन उतरे, फाटक लावे. गाडी पलीकडं गेली का पुन्हा थांबे. तो फाटक उघडे अन् पयत येऊन डब्यात चढे." तिकीटही गार्डच फाडायचा. उशीर झालेला कुणी बांधावरून हात करत आला तर गाडी त्याच्यासाठी हळू व्हायची, म्हणजे होती त्याहूनही हळू. बापाच्या क्वार्टरमागे आईने लावलेला लिंब होता. पगाराच्या दिवशी उधारी वसूल करायला वाणी स्टेशनातच येऊन बसायचा. गाव खरं तर तिथून मैलभर लांब, पण घड्याळ सगळ्यांचं गाडीवर. सकाळची शिट्टी झाली की बाया वावरात निघायच्या. "अन् गाडी उशिरा आली तं बायाही उशिरा," म्हणून एकटेच हसले.

एसटीच्या एका तिकिटात शकुंतलेत तीन माणसं जायची, असा त्यांचा हिशोब. गाडी बंद पडल्यावर मजुरीला दर्यापूरकडे जाणाऱ्यांचे हाल झाले. हे एकाही व्हिडिओत मी ऐकलं नव्हतं.

मला भरून आलं. म्हटलं, "काकाजी, ही लाइन जशीच्या तशी जपायला पाहिजे. हेरिटेज म्हणून."

ते चिडले. खरंच चिडले. "तुमी एक डाव बसून जासान अन् फोटो काढसान. आमाले रोज जा लागते. मूर्तिजापूरले चार घंटे! बिमार मानूस वाटंतच मरन ना बाप्पा. मोठी लाइन करा म्हना." मग जरा थांबून, "पन त्या क्वार्टराले हात नका लावू म्हना."

माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तेवढ्यात टायर लागलं आणि ड्रायव्हर ओरडायला लागला. पिशवी पुन्हा मांडीवर आली. ती कुणाची होती ते मूर्तिजापूरला उतरेपर्यंत कळलं नाही.

काकाजींचा फोटो मी काढला नाही. रुळांचे मात्र सत्तावीस निघाले, सगळे जवळपास सारखेच.