दोन चालींत मात

रविवारी बुद्धिबळाचा वर्ग सुटल्यावर एका मुलीचे वडील थांबले. म्हणाले, "सर, हिचं नाव काढून घ्यावं म्हणतो. स्पर्धेला नेली की रडत घरी येते."

मला धक्काच बसला, कारण त्याच दिवशी वर्गात तिने कमाल केली होती. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी याच्या नावावर असलेलं एक जुनं कोडं मी मांडलं होतं. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी.) काळा राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७ आणि बी७. पांढरा राजा सी८, हत्ती ए१, प्यादं बी६. पांढऱ्याने दोन चालींत मात करायची. बहुतेकांनी 'हत्ती ए५' म्हटलं. ही हळूच म्हणाली, "मग काळा प्यादं ए६ वर सरकवेल, आणि तिसरी चाल लागेल." जरा वेळाने म्हणाली, "हत्तीच ए६ वर ठेवायचा." पोरं ओरडली, फुकट देतेस! पण काळ्याने हत्ती खाल्ला तर पांढरं प्यादं बी७ वर जाऊन मात, उंट हलवला तर हत्तीने ए७ घेऊन मात. काळ्याला नुसतं बसून राहता येत नाही, तिथेच तो सापडतो.

घड्याळ सुरू झालं की हिचा हात थरथरतो. वहीत मात्र स्वतः रचलेली कोडी असतात. वडिलांसमोरच त्यातलं एक संगणकाला दिलं. दुसरंही उत्तर निघालं, म्हणजे कोडं बाद. तिने दोन मिनिटं पटाकडे पाहिलं, एक काळं प्यादं वाढवलं आणि ती वाट बंद केली.

मग मी त्यांना वीरॉन झाप्पास यांच्याबद्दल सांगितलं. जन्म १९२७, ग्रीस. ते ऐन पोरवयात असताना, १९४१ मध्ये, जर्मन फौजा देशात शिरल्या. त्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसं भुकेने मेली, पुढे १९४९ पर्यंत यादवी. अशा काळात वाढलेला हा माणूस दोन चालींच्या कोड्यांत रमला आणि कोडी रचूनच ग्रँडमास्टर झाला. २००८ मध्ये ते गेले.

"कोडी रचून ग्रँडमास्टर?" वडिलांनी पुन्हा विचारलं. हो. जगभरातल्या निवडक रचना फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, अल्बममध्ये घेतात. एकट्याने रचलेल्या कोड्याला एक गुण. असे ७० गुण झाले की हा किताब मिळतो. समोर कुणाला हरवायचं नसतं. परीक्षक बघतात ते रचनेचं सौंदर्य. 'हत्ती ए५' सारखी खोटी वाट किती मोहात पाडते आणि काळ्याच्या एकाच उत्तराने कशी कोसळते, हेसुद्धा त्यात येतं. माझ्या मते बुद्धिबळातलं सगळ्यात निखळ काम हेच.

"यातून पुढे काय?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पैसा नाही, हे मी सरळ सांगितलं. पण ही एक जागती दुनिया आहे. रचनाकारांची दरवर्षी जागतिक परिषद भरते, २००७ ची ग्रीसमध्येच, ऱ्होड्सला झाली होती. कोडी सोडवण्याच्या स्पर्धा असतात, रचनांच्याही असतात, आणि त्या घरबसल्या पाठवता येतात.

मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, मला हे करायचंय."

नाव काढलं नाही. सध्या तिला स्पर्धांना नेऊ नका, एवढं मी सांगितलं. पुढच्या महिन्यापासून वर्गाचा शेवटचा अर्धा तास कोड्यांना द्यायचा ठरवलंय, सगळ्यांसाठीच.