मेलेली ई

तो आला तेव्हा त्याच्या हातात एक खोका होता आणि खोक्याच्या झाकणावर चिकटवलेली, बास गिटारच्या भागांची यादी. सत्तावीस ओळी, पेन्सिलीने, बारीक अक्षरात. बॉडी आल्डर लाकडाची. नेक मेपलचा. फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं टेकायची पट्टी) शिसवीचा, तोही जाड, तळ सपाट ठेवून चिकटवलेला. बोर्डाची गोलाई सव्वासात इंच, नटपाशी (नेकच्या टोकाला तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीपाशी) रुंदी पावणेदोन इंच, तारा ताणायचे ट्यूनर उलटे फिरणारे, तारा अडकवायचा ब्रिज साध्या वाकवलेल्या पत्र्याचा आणि त्यावर तारा टेकतात त्या सॅडलवर आटे पाडलेले.

"ताई, मला १९६२चा प्रिसिजन पाहिजे. म्हणजे नवाच, पण बासष्टचा."

यादी बरोबर होती. लिओ फेंडरने प्रिसिजन नावाचा हा बास १९५१मध्ये बाजारात आणला, १९५७मध्ये त्याला तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा पिकअप दोन तुकड्यांचा बसवला, आणि बासष्टपर्यंत त्याचं रूप चांगलंच स्थिरावलं होतं. मुळात फिंगरबोर्ड ब्राझीलच्या रोझवूडचा असायचा. त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२पासून कडक निर्बंध आहेत, म्हणून शिसवी. तेही त्याला माहीत होतं. सव्वीस ओळींत बोट ठेवायला जागा नव्हती. सत्ताविसावी ओळ तेवढी अशी होती: 'तारा – नेहमीच्या.'

ती मी वाचली आणि काही बोलले नाही. तारा हा वाजवणाऱ्याचा खासगी मामला, आपण कशाला नाक खुपसा. हे माझं चुकलंच.

सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केले की प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणा असतो आणि एकमेकांशी कुणाचं पटत नाही. जुन्या पद्धतीच्या ट्यूनरना मोठं भोक लागतं, नेक विकणाऱ्याने आधुनिक मापाची लहान भोकं पाडून ठेवली होती. पॉट (नॉबखालचे फिरते रोध) इंचाच्या आट्यांचे, बॉडीवरच्या पिकगार्डच्या पत्र्याची भोकं मेट्रिक. नॉब ६ मिलिमीटरच्या दांडीसाठी, पॉटची दांडी सव्वासहाच्या पुढे. नेक बसवायच्या खाचेत रंगाचा थर इतका जाड की नेक आत जाईना. तो थर मी खरवडून काढला. हातोडीने ठोकून बसवणारे लोक पाहिलेत मी, आणि खाचेच्या कोपऱ्यातून निघालेल्या चिराही. हे सगळं करण्यात दोन आठवडे गेले.

आमचं वाजलं ते कपॅसिटरवरून, म्हणजे टोनच्या नॉबला जोडलेल्या, आवाजाची धार कमी करणाऱ्या भागावरून. त्याने कुठून तरी एक जुना, मेणात बुडवलेला कागदी कपॅसिटर पैदा केला होता. तो आणला होता काड्यापेटीत, कापसावर ठेवून. अंगावर लिहिलं होतं ०.१ मायक्रोफॅरड. मीटरला लावला तर ०.१३.

"मुरलाय," तो म्हणाला.

"मुरला नाही, ओल धरलीय त्याने."

कागदाचे कपॅसिटर दमटपणा ओढतात, त्यांची किंमत सरकते, आणि ते थोडा प्रवाह गळू देतात. जुन्या बासमध्ये ०.१ही सापडतात आणि ०.०५ही, हल्ली ०.०४७ लावायची पद्धत आहे. टोनचा नॉब पूर्ण उघडा असेल तर कपॅसिटरच्या वाटेत २५० किलोओमचा अख्खा पॉट आडवा असतो. मग तो कपॅसिटर कुठला, केवढा, कुणाच्या काळचा, याने फारसं काही बिघडत नाही. नॉब बंद करत आणला की मग फरक. हे मी तीनदा सांगितलं, पण त्याला ते पटेना. शेवटी माझ्या टेबलावरच्या बासचं पिकगार्ड उघडून दोन क्रोकोडाइल क्लिपा बाहेर काढल्या, त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि एकामागून एक चार कपॅसिटर लावून तोच एक तुकडा वाजवत गेले. नॉब उघडा असताना त्याचे अंदाज म्हणजे नुसती छापा-काटा. नॉब बंद केल्यावर ०.०४७ आणि ०.१ त्याने दर वेळी अचूक ओळखले. मग मी दोन साधे कपॅसिटर समांतर जोडून बरोबर ०.१३ केले आणि त्याच्या म्हाताऱ्याशेजारी ठेवले. तिथे मात्र त्याला काही सांगता येईना. तरी बसवला आपण म्हाताराच. त्याचा बास, त्याची काड्यापेटी.

आता त्या दिवसाबद्दल.

सकाळी वायरिंगचा शेवटचा डाख दिला, ब्रिजखालून जाणारी अर्थची वायर तपासली आणि त्याने आणलेल्या 'नेहमीच्या' तारा चढवल्या. नेहमीच्या म्हणजे राउंडवाउंड (गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेल्या), चकचकीत, ४५ ते १०५. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले, म्हणजे जाडातली जाड ई तार पावणेतीन मिलिमीटरच्या जरा आत. बारा वाजता तो आला. बास मांडीवर घेतला, नेकवरून हात फिरवला, ट्यूनर असलेलं टोक, हेडस्टॉक, नाकाशी नेऊन लॅकरचा वास घेतला (हे सगळेच करतात, मीही करते), आणि वाजवायला सुरुवात केली.

त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"ताई, हा तर कालचा बास वाटतोय."

खरंच तसा वाटत होता. आवाज खणखणीत, प्रत्येक सुराला धातूची किनार, बोट सरकलं की खर्रकन आवाज. वाईट मुळीच नव्हता, पण बासष्टचाही नव्हता. त्याने लगेच पिकअपवर संशय घेतला. मी पिकगार्ड उघडलं. रोध १०.६ किलोओम, असायला हवा तेवढाच. दोन्ही कॉइलची गुंडाळी एकमेकींच्या उलट, चुंबकांची टोकंही उलट, त्यामुळे घरघर एकमेकींत विरून जाते. म्हणजे तिथे सगळं जागेवर. तो दुसरा पिकअप मागवायच्या गोष्टी बोलू लागला, मग बॉडीचं वजन, मग लॅकरची जाडी.

"तुझ्या यादीतली शेवटची ओळ वाच," मी म्हटलं.

बासष्टमध्ये या बासवर फ्लॅटवाउंड तारा असायच्या, गाभ्याभोवती पोलादाची चपटी पट्टी गुंडाळलेल्या, स्पर्शाला गुळगुळीत. राउंडवाउंडचा झणझणीत आवाज रूढ झाला तो साठच्या दशकाच्या मध्यानंतर, 'द हू' या बँडच्या जॉन एंटविसलने रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीबरोबर बसून तशा तारा घडवून घेतल्या तेव्हापासून. आणि हा पोरगा ज्यांच्यापायी वेडा झाला होता ते मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन बासष्टच्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड लावायचे, त्या बदलायचे नाहीत, ब्रिजपाशी तारांना फोम टेकलेला, आणि उजव्या हाताचं एकच बोट. यातलं लाकूड, लॅकर आणि कपॅसिटर याने जमवले होते. तारा, फोम आणि बोट राहून गेले होते.

"मग जेमर्सनसारख्या जाडच लावा ना!"

तेव्हा मी त्याला नट दाखवला. खाचा ४५ ते १०५च्या संचाच्या मापाने कापलेल्या. त्या जाड संचात सगळ्यात बारीक, 'जी' सुराची तारसुद्धा ५२ची असते. ती बसवायची तर सगळ्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागणार, आणि रुंद केलेली खाच परत अरुंद होत नाही, नटच बदलावा लागतो. आधी त्याच मापाच्या फ्लॅटवाउंड ऐकू, मग ठरवू, असं ठरलं. दुसऱ्या एका कामासाठी आणून ठेवलेला ४५ ते १०५चा नवा संच माझ्याकडे होता.

इथे माझ्या हातून घडलं ते सांगते.

या जुन्या पद्धतीच्या ट्यूनरच्या खुंटीला वरून फट असते आणि मध्यभागी खोल भोक. तार ट्यूनरपर्यंत ओढायची, वेढ्यांसाठी चारेक इंच जास्त धरायची, त्या जागी पक्कडीने काटकोनात वाकवायची, आणि वाकवलेल्या जागेच्या पुढे सेंटिमीटरभर सोडून मग कापायची. वाकलेलं टोक भोकात जातं. वाकवायचं आधी, कापायचं नंतर. त्या वाकामुळे वरची पट्टी गाभ्याला धरून राहते. नुसतीच कापली तर पट्टी सैल होते आणि तार मरते. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी हे सांगते.

तो मागे उभा राहून बोलत होता, मी मान डोलावत होते, आणि ई तार मी ओढली, मापली, कट्.

कटरचा आवाज झाला आणि हात तिथेच थांबला. टोकाच्या रेशमी दोऱ्याखालची चपटी पट्टी गाभ्यावरून मिलिमीटरभर मागे सरकलेली दिसली. केवळ एक मिलिमीटर. मी काही न बोलता ती तशीच चढवली. कदाचित काही होणार नाही, असं स्वतःला सांगत. उरलेल्या तीन मात्र अगदी पुस्तकी शिस्तीत, वाकवून आणि मग कापून. ए तारेला चार वेढे वरून खाली दिले, कारण हेडस्टॉकवरची दाबणारी चकती डी आणि जीसाठीच असते. ए उंचावरून आली तर नटवर नीट टेकत नाही आणि मोकळी वाजवली की झिणझिणते.

आता नेक. लांबी तीच, सूर तोच, पण चपट्या पट्टीत फटी कमी, म्हणून तार जड, आणि जड तार त्याच सुरात आणायला जास्त ताण लागतो. राउंडवाउंडच्या चार तारा मिळून सुमारे ८० किलोच्या ताणाने नेकला ओढत होत्या, या त्याहून जास्त. सातव्या फ्रेटपाशी (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) फट मोजायचा फीलर गेज घातला तर अर्धा मिलिमीटर वाक. मला हवा होता पाव मिलिमीटरच्या थोडा वर. आणि बासष्टचं अस्सल काम म्हणजे ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, वाक सुधारणाऱ्या दांडीचा) स्क्रू नेकच्या बुडाशी, बॉडीच्या आत. तारा सैल करा, नेक उचला, पाव फेरा द्या, बसवा, सुरात लावा, मोजा. पुरतं नाही, परत. तीनदा केलं. नेकचा चौथा स्क्रू घट्ट करताना तो हळूच म्हणाला, "हे यादीत घालायला नको होतं."

मग त्याने वाजवायला घेतलं आणि पहिलाच हात ई तारेवर गेला. ठुम्म. गोल, बुटका, लगेच विझणारा आवाज. पिंपावर बुक्की मारावी तसा.

"हा! ताई, हाच! हाच आवाज!"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. सरकलेल्या पट्टीची ती मेलेली तार होती. ए, डी आणि जी छान घुमत होत्या, लांब टिकत होत्या, ई तेवढी ठुम्म. सूर तपासायचा ट्यूनर लावला तर काटा एका जागी थांबेना. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) एक सूर सांगतो, तिथेच दाबून वाजवलेला दुसरा. सॅडल मागे नेऊन नेऊन स्प्रिंग पार दबली तरी दोघांची गाठ पडेना.

"ही माझी चूक आहे," मी म्हटलं. "तार खराब झालीय. बदलून देते."

"जेमर्सनच्या तारा तरी कुठे जिवंत होत्या?"

प्रश्न रास्त होता. पण वर्षानुवर्षं घामाने आणि मळाने भरत गेलेली तार सगळ्या लांबीभर सारखी मंद होत जाते, आणि बहुतेक वेळा सुराला तरी धरून असते. हिची पट्टी गाभ्यापासून सुटली होती. वरच्या फ्रेटवर ही दुसऱ्या वाद्यांबरोबर वाजवली की बेसूर लागणार, आणि ऐकणारे बास करणारीला शिव्या घालणार.

खणात एका गिऱ्हाइकाच्या बासवरून उतरवलेला फ्लॅटवाउंडचा संच होता, चारेक वर्षं वाजवलेला, तसल्याच हेडस्टॉकसाठी कापलेला आणि वाकवलेला. त्यातली ई चढवली. मग फोमची बोटभर रुंद पट्टी कापून ब्रिजशेजारी तारांखाली सरकवली. जुन्या बासवर ती क्रोमच्या झाकणाच्या आत चिकटवलेली असायची, आमचं झाकण अजून यायचं होतं. दाबली जास्त की तार गुदमरते, कमी की काही होत नाही, म्हणून त्यात अर्धा तास गेला. शेवटी सूर यायचा, अंग धरायचा आणि बाजूला व्हायचा. तो बराच वेळ एका बोटाने वाजवत राहिला. जाड संचाचा विषय त्याने परत काढला नाही. नट वाचला. त्या म्हाताऱ्या कपॅसिटरलाही दिवसभर कुणी विचारलं नव्हतं, टोनचा नॉब पूर्ण उघडाच होता.

आठवड्याने त्याचा फोन आला. मला वाटलं नेक सरकला.

"ताई, ती मेलेली ई टाकून नाही ना दिलीत?"

नव्हती टाकली. खिळ्याला लटकत होती, शिकाऊ पोरांना दाखवायला. एका ध्वनिमुद्रणात त्याला खालच्या तीनच सुरांचा तुकडा वाजवायचा होता, पाचव्या फ्रेटच्या पलीकडे जायचंच नव्हतं, आणि त्यासाठी त्याला तीच हवी होती. दिली पाठवून. पाकिटात घालण्यापूर्वी तिचं टोक पक्कडीने काटकोनात वाकवलं.