चीनमधल्या चाकरमान्यांच्या गावी

"चीनला? तिथे आपलं कोण आहे?" नानांचा पहिला प्रश्न हा. नाना म्हणजे माझे वडील, वय वर्षं त्र्याहत्तर, मुक्काम राजापूर तालुका. जिथे ओळखीचं कुणी नाही तिथे माणूस उगाच कशाला जाईल, हे त्यांचं सरळ गणित. काश्मीरला गेलो होतो तेव्हाही हेच विचारलं होतं.

बीजिंग-शांघायला जायचं असतं तर मीही त्यांना भरीला घातलं नसतं. पण गेले चार महिने माझ्या डोक्यात हुईझोऊ घर करून बसलंय. हा पूर्व चीनच्या आन्हुई प्रांतातला जुना डोंगराळ मुलूख. नकाशावर हे नाव शोधायला गेलात तर घोटाळा होईल. 1987 साली या भागाचा कारभार हुआंगशान नावाच्या नव्या शहराकडे गेला. हुआंगशान हा तिथला डोंगर. पर्यटकांना डोंगराचं नाव माहीत, म्हणून जिल्ह्यालाही तेच. जुनं नाव 1121 सालापासूनचं. आन्हुई प्रांताच्या नावातला 'हुई' इथलाच. जुन्या सहा तालुक्यांपैकी वुयुआन तर आता शेजारच्या जिआंगशी प्रांतात आहे. 1934 मध्ये काढून तिकडे दिलं, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून 1947 मध्ये परत आणलं, 1949 मध्ये पुन्हा दिलं. हे वाचून नाना म्हणाले, "म्हणजे सीमाप्रश्न तिकडेपण आहे." तेव्हापासून त्यांचा चीनवरचा राग थोडा निवळला.

पण नाना खरे वळले ते एका म्हणीने. हुईझोऊत म्हणतात, गेल्या जन्मी पुण्य केलं नाही म्हणून हुईझोऊत जन्माला आलो, तेरा-चौदा वर्षांचे झालो की बाहेर फेकले गेलो. मी हे फोनवर वाचून दाखवलं आणि पलीकडे बराच वेळ आवाजच नाही. मला वाटलं रेंज गेली. माझे आजोबा चौदाव्या वर्षी मुसाकाजीच्या बंदरातून बोटीत बसून भाऊच्या धक्क्यावर उतरले होते. लालबागला गावकऱ्यांची खोली, गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपायची पाळी, आणि महिन्याला मनिऑर्डर.

हुईझोऊचं दुखणंही आपल्यासारखंच. डोंगरच डोंगर, पिकाऊ जमीन मूठभर. मग पोरगे बाहेर पडायचे. मीठ, चहा, लाकूड, सावकारी या धंद्यांत ते इतके पुढे गेले की मिंग आणि छिंग राजवटींत हुईझोऊच्या व्यापाऱ्यांचा देशभर दबदबा होता. शहरोशहरी त्यांच्या गाववाल्यांच्या इमारती होत्या, नवीन पोरगा आला की आधी तिथे. आपली गावकऱ्यांची खोलीच, फक्त त्यांच्याकडे पैसा जास्त. पैसा गावी यायचा आणि त्याची घरं, पूर्वजांची देवळं, शाळा व्हायच्या. शिदी आणि होंगत्सुन ही त्यातली दोन गावं 2000 सालापासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

होंगत्सुनात मला चंगझी थांग नावाचा वाडा बघायचाय. 1855 मध्ये मिठाच्या व्यापाऱ्याने बांधलेला. आतल्या लाकडावरचं कोरीव काम आणि सोन्याचा मुलामा यांचे फोटो सगळेच टाकतात, मला मात्र बाजूचं दार बघायचंय. दारावरचं लाकूड असं कापलंय की त्याचा आकार 'व्यापार' या चिनी अक्षरासारखा दिसतो. जुन्या चिनी उतरंडीत व्यापारी सगळ्यात खाली. पंडित वर, शेतकरी त्याखाली, कारागीर त्याखाली, मग हे. तर या बाबाने दाराची रचनाच अशी केली की कितीही मोठा अंमलदार घरात आला तरी त्याला 'व्यापारा'च्या खालूनच जावं लागेल! त्याच वाड्यात पत्ते कुटावेत तशी माजोंग खेळायची वेगळी खोली आहे आणि अफू ओढायचीही. त्या काळात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. त्या खोलीत मला जरा चोरट्यासारखंच वाटणार आहे.

या घरांना बाहेरून खिडक्या जवळजवळ नाहीतच. ज्या आहेत त्या वर आणि चिंचोळ्या. उंच पांढऱ्या भिंती, त्यांच्या माथ्यावर काळ्या कौलांच्या पायऱ्या. त्यांना घोड्याच्या डोक्याच्या भिंती म्हणतात. एका घराला आग लागली तर ती शेजारी जाऊ नये म्हणून भिंत छपराच्या वर काढलेली. उजेड येतो तो मधल्या चौकातून. त्या चौकाच्या नावाचा अर्थ 'आकाशाची विहीर'. चारी बाजूंची छपरं आत उतरती, पावसाचं सगळं पाणी चौकात. पाणी म्हणजे लक्ष्मी, ती घराबाहेर जाता कामा नये. नानांना हे अजिबात पटलं नाही. "आम्ही पागोळ्यांचं पाणी घरापासून लांब जावं म्हणून चर खणतो, आणि ही माणसं मुद्दाम घरात घेतात?" मग स्वतःच म्हणाले, "त्यांचा पाऊस आपल्याएवढा नसणार."

चौकासमोरच्या दिवाणखान्यात भिंतीला लागून एक लांब टेबल असतं. मधोमध घड्याळ, एका बाजूला फुलदाणी, दुसऱ्या बाजूला आरसा. घरोघरी हेच. कारण चिनीत घड्याळाचा ठोका, फुलदाणी आणि आरसा हे शब्द एकापाठोपाठ म्हटले की 'आयुष्यभर शांतता' असं ऐकू येतं. घरातला पुरुष दूर यांगझोऊ शहरात मीठ विकत बसलेला, वर्षं-वर्षं पत्ता नाही, आणि बायको रोज त्या तीन वस्तू पुसतेय. फोटो बघताना मला सारखी आमच्या ओटीवरची आजोबांनी मुंबईहून आणलेली, कधीच बरोबर वेळ न दाखवणारी टोल्यांची घड्याळंच आठवतात.

थांगयुए गावात शेताच्या मधोमध सात दगडी कमानी ओळीने उभ्या आहेत. इमानदारी, आईबापांची सेवा, दानधर्म यांसाठी बादशाहीकडून मिळालेला मान. त्यातल्या काही जन्मभर वैधव्य पाळणाऱ्या बायकांसाठीही. तिथेच फक्त बायकांच्या नावांसाठी बांधलेलं पूर्वजांचं देऊळ आहे, चीनमध्ये दुर्मीळ. या गावाला अर्धा दिवस पुरेल असं सगळे म्हणतात. मी पूर्ण ठेवलाय.

आता व्यवहाराचं. 2020 पासून बंद असलेली थेट विमानं 2025 च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, त्यामुळे दिल्लीहून शांघाय सोपं झालंय. तिथून हांगझोऊमार्गे वेगवान रेल्वेने हुआंगशान उत्तर स्टेशन. ही हांगझोऊची लाइन 2018 च्या डिसेंबरात झाली. स्टेशनाहून होंगत्सुनला बसने तासभर. रेल्वेची तिकिटं पंधरा दिवस आधी उघडतात आणि पासपोर्टवर मिळतात. तत्काळची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना भीती नाही. आपलं यूपीआय चालणार नाही. अलिपे या तिथल्या पैसे भरायच्या अ‍ॅपला आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड जोडून घेतलंय. व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल तिथल्या इंटरनेटवर बंद, म्हणून इथूनच रोमिंग घ्यायचं, नाहीतर आई दोन दिवसांत पोलिसात जाईल.

एक फटका बसून झालाय. होंगत्सुनच्या तळ्याकाठी एक जुनं घर राहायला मिळत होतं. फोटोत लाकडी जिना, खाली पाण्याचा पाट. चौकशी करून ठेवली, मग निरोप आला की परदेशी पाहुण्यांची नोंदणी आमच्याकडे होत नाही, क्षमस्व. प्रत्येक परदेश्याची चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते आणि लहान घरगुती लॉजवाल्यांना ती कटकट नको असते. आता आधी तेच विचारते, मग फोटो बघते.

तो पाट मात्र चुकवणार नाही. ओढ्याचं पाणी दगडी पाटाने गावभर, प्रत्येकाच्या दारावरून फिरवलंय. गावाचा आकार बैलासारखा, असं म्हणतात. पाट म्हणजे आतडी, मधलं अर्धचंद्राचं तळं पोट. तळं अर्धंच का, तर पूर्ण चंद्र लागलीच घटायला लागतो. सकाळी आठच्या आत प्यायचं पाणी भरायचं, धुणीभांडी नंतर, असा गावचा नियम होता असं सांगतात. नाना म्हणाले, "आमच्या व्हाळावर पण असंच होतं, फक्त कुणी पाळत नव्हतं."

जेवणाचं मी घाबरत घाबरत सांगितलं. तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे मुद्दाम आंबवलेला, वास मारणारा मासा. यांगत्से नदीवरून डोंगरात आणायला आठवडा लागायचा, मीठ लावून पिंपात भरायचे, पोचेपर्यंत वास सुटलेला. फेकणार कोण, तळून खाल्ला आणि आवडला, अशी कथा. दुसरा पदार्थ पांढरी लव आलेला टोफू, तोही तळून, वर तिखट. मला वाटलं इथे बेत बारगळला. पण ज्या घरात सुक्या बोंबलाचा डबा उघडला की शेजारच्या वाडीला कळतं, त्या घरात हा काय अडथळा? "भात मिळेल ना?" एवढंच विचारलं.

अडलं ते तारखांवर. मोहरीच्या जातीची पिवळी शेतं मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत फुललेली असतात. आणि येत्या वर्षी शिमगा उशिरा आहे. पालखी घरी येणार तेव्हा नाना चीनमध्ये? शक्यच नाही. मग पालखी झाल्यावर निघू म्हटलं, तर पुढे 4-5 एप्रिलला त्यांचा छिंगमिंग. त्या दिवशी शहरातले सगळे गावी जातात, पूर्वजांची थडगी झाडतात, गवत काढतात, नैवेद्य ठेवतात. रेल्वे खच्चून भरते. मी म्हटलं ते दिवस टाळू.

"टाळायचे कशाला?" नाना म्हणाले. "तेव्हाच तर घरं उघडी असतील."

तर आता 2 ते 9 एप्रिल. जागा मिळत नाहीयेत, तिप्पट पैसे सांगताहेत आणि गर्दीत चेंगरणार हे नक्की. नानांनी मात्र गावातून फोन करून विचारलंय की त्या लोकांच्या घरी जाताना काय न्यायचं, काजूगर चालतील का.