एक कमी भरतंय

हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला मी लहानपणापासून जाते, आधी वडिलांसोबत ट्रॅक्टरमधी, मग एसटीनं, लग्नानंतर नवऱ्याच्या बाइकवर. पायी म्हणून गेले ती २०२५ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा, अन् तेही सव्वीस लेकरं घेऊन. हौस वगैरे काही नव्हती बरं का, शाळेतल्या युवा ग्रुपचं काम माझ्या गळ्यात आहे म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हरेगाव म्हणजे श्रीरामपूरजवळचं गाव, बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता ना, आता बंद पडलेला, तेच. तिथं फादर बाडर यांनी १९४९ साली ही यात्रा सुरू केली. ८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस, तो झाला की येणाऱ्या शनिवारी यात्रा भरते. आम्ही बसनं वैजापूरपर्यंत आलो, तिथनं पुढं पायी, गोदावरी ओलांडली की मराठवाडा संपला अन् नगर जिल्हा लागला. मधी एक मुक्काम.

आता ग्रुपचं सांगते. आमची मिशनची शाळा, पण वर्गात कॅथलिक लेकरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, बाकी हिंदू, बौद्ध, मुसलमान. कॅथलिक पोरांसाठी वायसीएस (यंग ख्रिश्चन स्टुडंट्स) अन् सगळ्यांसाठी वायएसएम (यंग स्टुडंट्स मूव्हमेंट) असा विद्यार्थी चळवळीचा प्रकार आहे, पद्धत दोन्हीची एकच, पाहा, पारखा, कृती करा. ही बेल्जियमच्या फादर कार्डिन यांची, त्यांनी १९२५ साली तरुण कामगारांची संघटना उभी केली तिथली. म्हणजे मूळ मामला कारखान्यात राबणाऱ्या पोरांचा. आमच्याकडं येईपर्यंत त्याचं काय झालं तर बॅज, वही आणि वर्षातनं एक शिबिर. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी लीडर म्हणून जी पोरं निवडली ती सगळी चांगल्या अक्षराची, स्टेजवर न घाबरणारी, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचन करणारी आणि पाहुण्यांना गुच्छ देणारी. कार्यक्रम मी ठरवणार, भाषण मी लिहिणार, पोरगी फक्त म्हणणार, आणि वर आम्हीच म्हणतो की आजकालच्या पोरांमधी पुढाकारच नाही.

पोप फ्रान्सिस यांचं २०१९ चं तरुणांसाठीचं पत्र आहे, ख्रिस्तुस विवित, त्यात कॅथलिक शाळांना चांगलंच सुनावलंय की बाहेरच्या जगापासून पोरांना लपवणारा बंकर होऊ नका. आणि हेही म्हटलंय की चर्चच्या चौकटीत ज्या तरुणांना परकं वाटतं ते तीर्थयात्रेसारख्या गोष्टींकडं ओढले जातात. आमच्या सिस्टरांनी हे मीटिंगमधी वाचून दाखवलं अन् माझ्याकडं बघितलं, तिथंच माझी सुट्टी गेली.

वांधा झाला तो बाकीच्या पोरांचा. कॅथलिक नसलेली सात जणं म्हणाली आम्हाला पण यायचंय. स्टाफरूममधी दोन दिवस वाद. राज्यघटनेचं कलम २८ तर सरळ सांगतं, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणाला त्याच्या संमतीशिवाय, आणि लहान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या घरून सहीचं पत्र घेतलं, प्रार्थनेत बसायची सक्ती नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं. एका पोराच्या पत्रावर अंगठा होता, आज्याचा, कारण आईबाप गावात नव्हते. हा नववीतला, बोर्डिंगमधी राहणारा, बीडकडचा, आज्याच्या गळ्यात तुळशीची माळ. वर्गात एक शब्द बोलत नाही. मी त्याला तीन वर्षं गणित शिकवलं पण आवाज लक्षात नाही माझ्या, असा.

वैजापूर सोडलं आणि तासाभरात पाऊस. माझं सगळं प्लॅनिंग कागदावर होतं, कुठल्या गावात कुठलं गीत, कुठं जपमाळ, कुणी काय बोलायचं, झेरॉक्स काढलेल्या, त्यांचा लगदा झाला. ब्लूटूथ स्पीकर पण गेला. दोन्ही बाजूंनी कपाशी नि मका, रस्त्यावर लाल चिखल, बुटं जड झाली, पोरी रडकुंडीला आल्या. सोबतचे सर फोनवर टेम्पो बघायला लागले. तेवढ्यात हा पोरगा पुढं आला नि म्हणाला, "मॅडम, बुटं काढायला लावा सगळ्यांला. पाणी आत ऱ्हातं मंग फोड येत्यात. अन् त्या वाटंनं नका जाऊ, पुढं ओढा हाय."

मी म्हटलं तुला कसं माहीत. म्हणे, "दर साली येतो ना."

दर साली म्हणजे ऊसतोडीला. बोर्डिंगला यायच्या आधी दिवाळी झाली की आईबापासोबत नगरकडं, टायरगाडीवर भांडीकुंडी, कोंबड्या नि हा वर. मला हे बोर्डिंगच्या फॉर्मवर माहीत होतं, "पालकांचा व्यवसाय: मजुरी" एवढं.

त्यानंतर मी काही ठरवलंच नाही, ठरवायला काही उरलंच नव्हतं. तो दर अर्ध्या तासाला थांबायचा, मागं बघायचा नि बोटानं मोजायचा, सव्वीस पोरं, सिस्टर, सर आणि मी, एकोणतीस. पोरांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. त्याला ते आवडलं नाही बहुतेक, मुकादम काय चीज असतो ते आमच्यापैकी त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

रात्री मुक्कामाला पडवीत गोल करून बसलो. आज काय पाहिलं, हा पद्धतीतला पहिला प्रश्न. कुणी मेलेला साप, कुणी देवीचा मांडव, एक जण म्हणे सरांचं घोरणं. आमची ग्रुपची प्रेसिडेंट, दहावीतली, हिनं नुकत्याच संत झालेल्या कार्लो अकुतिसवर पाठ केलेलं बोलून दाखवलं, पंधरा वर्षांचा पोरगा, कॉम्प्युटरवाला, जीन्समधला संत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "उद्या दावतो."

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडला. नदी भरून वाहत होती, गढूळ, पोरं कठड्याला धरून बघतच बसली. पलीकडं ऊस सुरू झाला. एका कॅनॉलच्या कडेला तो थांबला. काहीच नव्हतं तिथं, एक पडीक तुकडा, घाणेरी वाढलेली, चुलीचे तीन दगड काळे पडलेले. म्हणाला, "हितं आमची कोपी होती. मी दुसरीत व्हतो तवा. बारकी बहीण हितंच झाली. आई आदल्या रातीपस्तोर मोळ्या वाहत व्हती." कोपी म्हणजे ऊसतोडीवाल्यांची झोपडी. एवढंच बोलला. आवाज पण जड नाही, जसं कुणी ही आमची शाळा असं सांगावं तसं.

मी घड्याळ बघत होते, खोटं कशाला बोलू, मिस्सेला पोहोचायचं होतं. तेवढ्यात प्रेसिडेंट म्हणाली, "जपमाळ इथं म्हणू." मला विचारलं नाही, सांगितलं. आणि त्याच्याकडं वळून म्हणाली, "तू नको म्हणू, तू फक्त मोज, दहा झाले की सांग." चिखलातच उभं राहून सगळ्यांनी म्हटलं. तो टोपी काढून हातात धरून बोटाची पेरं मोजत होता आणि दर दहाला हळूच म्हणायचा, "झाले." ज्यांची प्रार्थना नाही ती पोरं पण हललीसुद्धा नाहीत. सिस्टर रडत होत्या, मी दुसरीकडं बघितलं.

"कृती करा" चं काय झालं ते पण सांगून टाकते. परत आल्यावर पोरांनी एक वही केली, दिवाळीनंतर कोणकोणत्या वर्गातलं कोण ऊसतोडीच्या फडावर जाणार त्याची. यादी मुकादमानं सांगितली नि प्रेसिडेंटनं लिहिली. मला वाटलं होतं सात-आठ नावं असतील, तर एकतीस निघाली, माझ्याच शाळेत. बोर्डिंगमधी जागा करता करता चौघांची सोय झाली. बाकीच्यांना अभ्यास व्हॉट्सअॅपवर पाठवायचा ठरलं, पण फोन बापाकडं असतो नि बाप पहाटेपासून फडात, त्यामुळं ते निम्मंच चाललंय. वरून जो रिपोर्टचा फॉर्म येतो त्यात "या वर्षी घडवलेले युवा नेते" असा रकाना आहे, तो मी अजून भरला नाही, कारण घडवलेले म्हणजे मी काय केलं ते सुचत नाही.

हरेगावला पोहोचलो तेव्हा गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. मेणबत्त्यांचा वास, भेळ, खेळणी, लाउडस्पीकरवर हरवलेल्यांची नावं. माउलीच्या पायाशी हात लागेपर्यंत दोन तास गेले रांगेत. बाहेर आले तर माझी एक चप्पल गायब, ती शोधत बसले कुठंतरी कुंपणाशी. तेवढ्यात लाउडस्पीकरवर ओळखीचा आवाज. वर्गात तीन वर्षं न ऐकलेला.

"आमचं मोजताना एक कमी भरतंय. गणिताच्या मॅडम जिथं आसतील तिथनं मोठ्या फाटकापाशी यावं."

मी तशीच गेले, एका पायात चप्पल घालून.