तुम्ही विचारलंत म्हणून: अजून कडेवर घेता का?

हा प्रश्न मला दोन तऱ्हांनी विचारला जातो. माझ्या पोटाकडे पाहणारे म्हणतात, "अहो, अजून हिला कडेवर घेता?" आणि माझ्या पायांना मिठी मारून रडणाऱ्या लेकीकडे पाहणारे म्हणतात, "अहो, एवढी रडते आहे, घ्या की जरा कडेवर." एकाच दिवशी, एकाच जिन्यात, दहा मिनिटांच्या अंतराने मी हे दोन्ही ऐकून घेतले आहे आणि दोन्ही वेळा हसून वेळ मारून नेली आहे. आता चौतिसावा आठवडा चालू आहे आणि हसले तरी धाप लागते. म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहिते.

सरळ उत्तर असे, की तिने मागितले तर घेते. मधले बारा आठवडे घेत नव्हते. विचारणाऱ्यांना एवढेच हवे असेल तर पुढचे वाचले नाही तरी चालेल. बहुतेकांना काळजी असते ती पोटातल्या बाळाची, आणि मला जे सलते त्यात पोटातल्या बाळाचे काहीच बिघडलेले नाही.

अंतराचा मुद्दाही आधीच निकालात काढते, कारण कडेवरून सुरू झालेला प्रश्न हमखास तिथे पोहोचतो. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाईपर्यंत निदान 24 महिने जावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी 2005 साली केली होती, हे मला ठाऊक आहे. आमचे 20 महिने झाले होते. चार महिन्यांची ही चूक आहे असे कोणाला म्हणायचे असेल तर त्यांनी खुशाल म्हणावे. त्या चार महिन्यांचा हिशेब मी आता कोणाला देणार नाही.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार, म्हणजे बाळाला पोषण पुरवणारी प्लॅसेंटा, गर्भाशयात खाली असल्याचे दिसले. त्याच सुमारास दोनदा किंचित रक्ताचे डाग दिसले होते. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावून सांगितले, की या टप्प्यावर वार खाली दिसणे फारसे दुर्मीळ नाही, गर्भाशयाचा खालचा भाग वाढत जातो तशी बहुतेक जणींची वार वर सरकते, आणि बत्तिसाव्या आठवड्यात आपण पुन्हा पाहू. तोवर वजन उचलायचे नाही, लेकीलाही नाही. सगळेच डॉक्टर असे सांगतात असे नाही, आणि ज्या गरोदरपणात काही गुंतागुंत नाही त्यात दोन वर्षांच्या मुलाला उचलायला सहसा कोणी बंदी करत नाही, हेही त्यांनीच सांगितले. माझ्या बाबतीत रक्त दिसले होते, म्हणून त्यांनी सावध बाजू धरली. मीही ती निमूटपणे धरली, आणि त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

लेक तेव्हा नुकतीच दोन वर्षांची झाली होती आणि साडेअकरा किलोची होती. दोन वर्षांच्या मुलाला आपण दिवसातून किती वेळा उचलतो, हे उचलणे बंद होईपर्यंत लक्षात येत नाही. बंदीच्या पहिल्या सकाळी मी मोजले. झोपेतून उठल्यावर, दात घासायला, आंघोळीला, खुर्चीवर बसवायला, खिडकीतला पक्षी दाखवायला, पडल्यावर, रुसल्यावर आणि काहीही कारण नसताना असे दुपारपर्यंत 19 वेळा तिने हात वर केले होते. "कडेवर" हा शब्द तिला पुरता येत नसे. ती नुसते "कडे" म्हणायची, आणि त्या दोन अक्षरांत घरातली निम्मी कामे होऊन जायची.

आम्ही सोयी केल्या. बेसिनपाशी स्टूल आले, पलंगावरची गादी जमिनीवर आली आणि खुर्चीवर ती स्वतः चढू लागली. बाबा घरी असला की उचलण्याची सगळी कामे त्याच्याकडे गेली. मी खाली बसून तिला मांडीवर घेत असे. सोयी चांगल्याच होत्या. ज्यांना अशी बंदी होईल त्यांना मी त्या आजही सांगेन. चूक सोयींत नव्हती, ती माझ्या एका वाक्यात होती.

पहिल्याच दिवशी, विसाव्या वेळी तिने हात वर केले तेव्हा मी म्हणाले, "नको गं, बाळाला बाऊ होईल."

वाक्य लागू पडले. तिने हात खाली घेतले, माझ्या पोटाकडे पाहिले आणि ती खेळायला निघून गेली. दिवसभर "आईला जमत नाही," "डॉक्टर नको म्हणाले," असे समजावून जे साधले नव्हते ते या पाच शब्दांनी क्षणात साधले, आणि हाताला लागलेले हत्यार मी खाली ठेवले नाही. पलंगावर उड्या मारू नकोस, बाळाला बाऊ होईल. झोपेत पाय मारू नकोस, बाळाला बाऊ होईल. मोठ्याने ओरडू नकोस, बाळ झोपले आहे. आता बाहेर नको जायला, बाळ दमले आहे. दमलेली मी असायची. झोप मला हवी असायची. पायांना सूज माझ्या यायची आणि चिडचिडही माझीच व्हायची. पण नकार देणारी आई व्हायचे माझ्या जिवावर येत होते, म्हणून प्रत्येक नकाराचे खापर मी बाळाच्या माथी फोडत गेले. ते माथे अजून जगात आलेले नव्हते, त्यामुळे तक्रार करणारेही कोणी नव्हते.

त्या वेळची मी समोर असते तर माझ्याशी भांडले असते, हे मला माहीत आहे. ती म्हणाली असती, की लहान मुलांना खरे कारण सांगावे असे तूच वाचले होतेस ना, मग मी खरेच तर सांगत होते, बाळाला धोका होताच. तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही. कडेवर घेण्यापुरते ते खरेही होते. पण उड्यांच्या वेळी आणि आरडाओरड्याच्या वेळी ते खरे नव्हते. पोटातल्या बाळाभोवती पाण्याची गादी असते, आणि दोन वर्षांच्या मुलीच्या ओरडण्याने त्याचे काही बिघडत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते.

तीन आठवड्यांनी कापडाच्या बाहुलीचा प्रकार घडला. ही बाहुली तिच्या बगलेत सदैव असायची. एका दुपारी मी पाहिले, तर ती बाहुलीला पायाने ढकलत ढकलत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत होती. मी विचारले, "अगं, बाहुलीला उचल ना." ती थांबली, स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "नाही कडे. बाऊ." मला हसू आले. फोनवर मी हा किस्सा दोघातिघांना रंगवून सांगितलासुद्धा, किती हुशार आहे, कशी नक्कल करते म्हणून. ते हसू आठवले की आजही मला ओशाळल्यासारखे होते.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळ होती आणि घरात आम्ही दोघीच होतो. मी धुतलेले कपडे दोरीवर टाकत होते आणि ती ओल्या पावलांनी न्हाणीघरातून पळत बाहेर आली. उंबऱ्याशी तिचा पाय घसरला. पडल्याचा आवाज मी ऐकला. त्यापाठोपाठ रडणे यायला हवे होते, ते आले नाही, म्हणून कपडे टाकून मी वळले. ती पालथी पडली होती. तिने मान उचलली तेव्हा खालचा ओठ फाटलेला दिसला आणि हनुवटीवरून रक्त ओघळत होते. तिचे तोंड उघडे होते, पण आवाज अजून फुटला नव्हता. लहान मुले फार जोरात रडण्याआधी अशीच श्वास धरतात, ते मला माहीत होते. मी तिच्याकडे निघाले. ती उठून बसली, तिचे दोन्ही हात खांद्यापर्यंत वर आले, आणि तिथे थांबले. तिने माझ्या पोटाकडे पाहिले. मग तिने हात आपणच खाली घेतले, मागे वळून दाराच्या चौकटीला गाल लावला आणि त्या लाकडाला धरून ती रडू लागली.

माझ्यापासून ती चार पावलांवर होती. पडल्यावर मूल ज्या माणसाकडे झेपावते ते माणूस समोर उभे होते, आणि ते आपल्याला मिळणार नाही हे तिने मनाशी पक्के धरले होते. मी तिला अनेक गोष्टी शिकवू पाहिल्या होत्या, रंग, आकडे, चपला जागेवर ठेवणे. त्यांतले काही तिने इतक्या पूर्णपणे आत्मसात केल्याचे मला आठवत नाही.

मी तिला उचलले. खाली बसून मांडीवर घेता आले असते, आणि नंतर बाबानेही तेच विचारले, की तू खाली का नाही बसलीस. त्याच्या प्रश्नात दोष नव्हता, तरी मला तो लागला, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. खाली बसण्याचा विचार माझ्या मनात आला होता आणि तो मी बाजूला सारला. मला तिला उभ्यानेच, कडेवरच घ्यायचे होते. ती अवघडून राहिली. पूर्वी कडेवर आली की तिचा डावा पाय आपसूक माझ्या पाठीशी जायचा. या वेळी तिने दोन्ही पाय एकत्र आवळून धरले होते, पोटाला लागू नयेत म्हणून. मी तिचा ओठ पुसला, बर्फ लावला आणि तिला घेऊन पंधरा मिनिटे घरभर फिरले. पाठीतून कळ येत होती आणि पोट दोनदा कडक झाले. तरी मी तिला खाली ठेवले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा डाग दिसला. दोन तास मी कोणाला सांगितले नाही. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. ते दोन तास मी अंथरुणात पडून बाळाची हालचाल मोजत होते आणि मनात वाक्ये जुळवत होते, की काही झालेच तर काय सांगायचे, आणि त्यातल्या एका वाक्यात खापर लेकीच्या पडण्यावर जात होते. म्हणजे इतके दिवस बाळ जे काम करत होते ते आता थोरलीकडे आले होते. डॉक्टरबाईंनी तपासले. बाळ ठीक होते आणि रक्त थांबले होते. उचलल्यामुळेच झाले का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, की वार खाली असताना काही न करताही डाग दिसू शकतो, त्यामुळे यामुळेच झाले किंवा यामुळे झाले नाही, यातले काहीही त्या खात्रीने सांगू शकत नाहीत. मला त्यांच्याकडून शिक्षा तरी हवी होती किंवा माफी तरी. दोन्ही मिळाले नाही.

त्या दिवसापासून ते वाक्य मी बंद केले. "आईची पाठ दुखते, आई आत्ता उचलणार नाही, आई खाली बसते, तू ये," असे म्हणू लागले. ती त्यावर रडायची आणि मला फटके मारायची, आणि ते मला बरे वाटायचे, कारण राग निदान योग्य पत्त्यावर येत होता. असे लिहिले की फार शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात थकलेल्या संध्याकाळी ते वाक्य अजूनही जिभेवर येते, आणि दोनदा ते तोंडून गेलेही आहे.

बत्तिसाव्या आठवड्यात वार पुरेशी वर सरकलेली दिसली आणि बंदी उठली. घरी येऊन मी तिच्यासमोर हात पसरले. ती आली, माझ्या हाताला टाळी दिली आणि पळून गेली. कदाचित तिला फक्त खेळायचे असेल. सव्वादोन वर्षांच्या मुलांना सगळे स्वतःहून करायचे असते, जिनासुद्धा आपला आपण चढायचा असतो. त्यामुळे ती मोठी झाली म्हणून मागत नाही की मी शिकवले म्हणून मागत नाही, हे मला ओळखता येत नाही. माझी आई म्हणते, तू फार विचार करतेस, मुले विसरतात. विसरत असतीलही. पण मी तिचा ओठ बरा होताना रोज पाहिला आहे, आणि आतले काय बरे झाले ते पाहायची सोय नाही.

तेव्हा "अजून कडेवर घेता का" असे तुम्ही विचारता, तेव्हा मला खरे तर सांगायचे असते, की ती आता क्वचितच मागते. गेल्या पंधरा दिवसांत दोनदा मागितले. पहिल्या वेळी ती अर्धवट झोपेत होती. दुसरी वेळ परवाची. मी सोफ्यावर बसले होते, ती समोर येऊन उभी राहिली, हात अर्धे वर केले आणि म्हणाली, "कडे. बाळाला विचाल."

मी सांगायला हवे होते, की बाळाला विचारायची गरज नाही. ते मला चांगले ठाऊक होते. पण ती वाट पाहत होती आणि हात पुन्हा खाली जातील याची मला भीती वाटली. मी मान खाली घालून पोटाला विचारल्यासारखे केले, क्षणभर थांबले आणि तिला सांगितले, "बाळ हो म्हणालं." ती हसत चढली. डावा पाय माझ्या पाठीशी गेला.